संशय: लक्षण की अनुभव?

अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या वाट्याला स्किझोफ्रेनियाचे निदान गोऱ्या रुग्णांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात येते, असे अनेक दशकांच्या संशोधनात वारंवार आढळले आहे. याच रुग्णांमधले नैराश्य आणि बायपोलर विकार मात्र बरेचदा नजरेतून सुटतात. निदान चुकले की औषधेही चुकतात. वर्षानुवर्षे अँटिसायकोटिक गोळ्या चालू राहतात आणि मूळ आजार उपचारांविना राहतो.

या तफावतीची मुळे जुनी आहेत. १८५१ मध्ये डॉ. सॅम्युअल कार्टराइट यांनी मळ्यांवरून पळणाऱ्या गुलामांना 'ड्रेपटोमेनिया' नावाचा आजार जडतो, असे मांडले आणि त्यावर चाबकाचा उपाय सांगितला. स्वातंत्र्याची ओढच रोग ठरली. १९६८ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, 'डीएसएम' या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीची दुसरी आवृत्ती आली. पॅरानॉइड, म्हणजे संशयग्रस्त, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा पवित्रा अनेकदा वैरभावाचा आणि आक्रमक असतो, असे वर्णन तिच्यात होते. मनोविकारतज्ज्ञ जोनाथन मेट्झल यांनी मिशिगनमधील आयोनिया मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पूर्वी बहुतांशी गोऱ्यांना लावले जाणारे हे निदान साठच्या दशकात कृष्णवर्णीय पुरुषांच्या माथी कसे आले, ते त्यांनी 'द प्रोटेस्ट सायकोसिस' या ग्रंथात दाखवले. १९७४ मध्ये मनोविकारशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात हॅलोपेरिडॉलची जाहिरात छापून आली. तिच्यात शहरातल्या रस्त्यावर मूठ आवळून उभा असलेला संतप्त कृष्णवर्णीय पुरुष होता. हे औषध दिले की असा रुग्ण सहकार्य करू लागतो, असा तिचा आशय होता.

'पोलीस माझ्या मागावर आहेत' हे वाक्य भ्रम असू शकते, तसेच ते रोजचा अनुभवही असू शकते. विल्यम ग्रियर आणि प्राइस कॉब्स या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ मध्येच लिहिले होते की, वर्णद्वेषी समाजात सावध राहणे ही जगण्याची गरज असते. तिला आजार समजू नये. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिसचे कृष्णवर्णीय रुग्ण अभ्यासाच्या नावाखाली उपचारांविना ठेवले गेले. तो इतिहास माहीत असलेला माणूस डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलत नसेल, तर त्या अबोलपणाला भावशून्यता म्हणण्याची घाई घातक ठरते.

यावर उपाय उपलब्ध आहेत. २०१३ च्या 'डीएसएम-५' मध्ये सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. रुग्ण आपल्या त्रासाला काय म्हणतो, त्याचे कारण काय मानतो, आधी कोणाकडे गेला होता, डॉक्टर आणि त्याच्यातले सामाजिक अंतर आड येते का, हे त्यात विचारले जाते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने या क्षेत्रातल्या वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. पण माफीची खरी कसोटी केसपेपरवरच लागते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ नुसार सामाजिक दर्जा किंवा सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाच्या आधारे मानसिक आजार ठरवता येत नाही. पण संशयाचा इतिहास इथेही आहे. १८७१ मध्ये आलेल्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पोलिसांचा संशय गेला नाही. म्हणून पारधी रुग्ण पोलिसांची भीती बोलून दाखवतो, तेव्हा त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, नातेवाइकांकडे खातरजमा करावी, झोप, भूक आणि मनःस्थितीचा पूर्वेतिहास विचारावा. भ्रमाची नोंद त्यानंतरच व्हावी.