रुग्णशय्येवरची श्रद्धा

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक आहे. गावातल्या माणसाला ताप आला, हात मोडला, तर परभणी पुरते. तपासणीच्या कागदावर ‘कर्करोग’ हा शब्द उमटला की मात्र वाट एकाएकी लांबते. प्रथम छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, आणि तिथून पुढे जावे लागले तर देवगिरी एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास करून परळचे टाटा रुग्णालय. या प्रवासात रुग्णाच्या पिशवीत दोन गोष्टी असतात. एक, अहवालांची जाडजूड फाईल. आणि दुसरी, कुणी आठवणीने दिलेली अंगाऱ्याची पुडी. औंढ्या नागनाथाला बोललेला नवस, परळीच्या वैजनाथाचा अभिषेक, गंगाखेडला गोदामाईत घातलेली बुडी हे सारे औषधाच्या बरोबरीने चालते. यात विसंगती आहे असे त्या घरातील कोणालाच वाटत नाही. आणि अनुभवी डॉक्टरही ती पुडी फेकून द्या असे सांगत नाही.

त्याच रुग्णालयात शेजारच्या खाटेवरील रुग्ण ख्रिस्ती असेल, तर त्याच्या उशाशी बायबल असते, गळ्यात क्रूस असतो. रात्री साडेतीन वाजता वेदनेने जागा झालेला तो माणूस ज्याला हाक मारतो त्याचे नाव वेगळे आहे. भय मात्र तेच आहे. हिंदू समाजाने या दुसऱ्या खाटेकडे कसे पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. धर्मांतराच्या कडवट अनुभवामुळे ख्रिस्ती प्रार्थना म्हटली की सावध होण्याची सवय अनेकांना जडली आहे. ती सवय निराधार नाही. तथापि सावधपणा आणि अनुदारपणा यांच्यातील रेषा कधी पुसली जाते, हे तपासून पाहिले पाहिजे.

तसा प्रसंग मराठवाड्यातच घडला आहे. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर येण्याची ती पहिलीच वेळ. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, हरित वसईच्या आंदोलनातील एक प्रमुख कार्यकर्ते, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले लेखक, अशी त्यांची ओळख होती. त्यांच्या निवडीला काही हिंदुत्वनिष्ठ संघटनांनी विरोध केला. धर्मगुरूने साहित्याच्या व्यासपीठावर बसावे काय, असा तो प्रश्न होता. प्रश्न विचारण्यात गैर काही नव्हते. लोकशाहीत अध्यक्षाची निवड ही टीकेच्या पलीकडची गोष्ट नसते. त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील राजकीय भागाशी मतभेद असणेही स्वाभाविक होते.

परंतु संमेलनाला जो माणूस आला, तो चाकाच्या खुर्चीतून आला. सत्तरी ओलांडलेले दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने हैराण होते. वेदना सोसून त्यांनी अध्यक्षपदाचे कर्तव्य पार पाडले आणि उपचारांसाठी संमेलन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्या दिवसांत विरोधाच्या उत्साहात कुणी त्यांच्या दुखण्याचीही टवाळी केली असेल, तर ती हिंदू संस्काराला शोभणारी नव्हती. प्रतिपक्षाचा माणूस आजारी पडला की वाद क्षणभर बाजूला ठेवायचा, ही या मातीची जुनी रीत आहे. पुढे दीर्घ आजारानंतर 25 जुलै 2024 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘नाही मी एकला’ असे आहे. श्रद्धावान माणसाला आजारपणात काय हवे असते, ते या तीन शब्दांत पुरेसे येते. रोग जावा, हे तर हवेच असते. पण आपण एकटे नाही, हे त्याहून आधी हवे असते.

दिब्रिटो ज्या कॅथलिक परंपरेतले, तिची आजारपणाविषयीची शिकवण नीट पाहिली तर ती वैद्यकाच्या विरोधात नाही. कॅथलिकांच्या बायबलमध्ये समाविष्ट असलेल्या सिराख याच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्याची शिकवण आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असे परंपरा मानते. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार पूर्वी केवळ मरणासन्न माणसासाठी राखून ठेवलेला असे. त्यामुळे पाद्री घरात आला की रुग्णाचे उरलेसुरले धैर्य गळून जात असणार! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचे रूप बदलले. गंभीर आजार असलेल्या कोणालाही, शस्त्रक्रियेपूर्वीही, तो घेता येऊ लागला. म्हणजे तो मरणाची तयारी न राहता उपचाराचा सोबती झाला. उपचारांना निघालेल्या माणसाच्या कपाळी अंगारा लावणाऱ्या आईला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग खटकते कुठे? खटकते ते ‘चंगाई’च्या बाजारात. मांडव घालायचा, ध्वनिवर्धक लावायचे, कुबड्या फेकून चालणारी माणसे व्यासपीठावर दाखवायची, आणि विशिष्ट नावाने प्रार्थना केली तर व्याधी जाईल असे गरिबाच्या मनावर बिंबवायचे. अशा ठिकाणी श्रद्धा हा रुग्णाचा आधार राहत नाही, ती सौद्यातील किंमत होते. आणि रोग बरा झाला नाही की दोष रुग्णाच्याच माथी येतो, कारण म्हणे त्याचा विश्वास कमी पडला! कर्करोगाने आधीच खचलेल्या माणसावर हा दुसरा घाव आहे. त्यातून कुणी औषध थांबवले, तर रोग थांबत नाही. गाठ वाढत राहते आणि उपचाराची वेळ निघून जाते.

विशेष म्हणजे या प्रकाराविरुद्धचा इशारा खुद्द रोममधूनच आलेला आहे. 14 सप्टेंबर 2000 रोजी व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वविषयक विभागाने आरोग्यप्रार्थनांसंबंधी एक सूचनापत्र काढले. त्यावर कार्डिनल रात्झिंगर यांची स्वाक्षरी होती, जे पुढे 2005 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. अशा सभांतून उन्माद, नाटकीपणा, सनसनाटीपणा यांना थारा देऊ नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. चंगाई सभांवर टीका केली की ‘ख्रिस्तविरोधी’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हे सूचनापत्र जरूर वाचावे. अर्थात अनेक स्वतंत्र पंथ रोमला मानत नाहीत, आणि अशा सभांतला मोठा वाटा त्यांचाच असतो, हेही खरे.

प्रार्थनेने रोग बरा होतो का, याची मोजदाद करण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाचे निष्कर्ष एप्रिल 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे 1802 रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्या दोन गटांत फरक पडला नाही. गुंतागुंतीचे प्रमाण प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के आणि न झालेल्या गटात 51 टक्के होते. ज्यांना प्रार्थना होत असल्याचे निश्चितपणे सांगितले होते, त्यांच्यात मात्र ते 59 टक्के निघाले! याचा अर्थ प्रार्थना घातक असते असा काढणे उथळपणाचे ठरेल. अनोळखी लोकांनी दुरून, ठरवून केलेली प्रार्थना एवढेच तिथे मोजले गेले. लेकीने बापाच्या कपाळावर हात ठेवून केलेली प्रार्थना कोणत्याही तक्त्यात मावणारी नाही. परंतु ‘आमच्या प्रार्थनेने रोग जातो’ असा जाहीर दावा करणाऱ्यांना या आकड्यांत आधार सापडत नाही, हे निश्चित.

सेवेच्या आडून धर्मांतर हा या विषयाचा दुसरा पदर. मध्य प्रदेश शासनाने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी विदर्भही त्याच राज्यात होता. 1956च्या अहवालात समितीने शिफारस केली, की वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे थेट साधन म्हणून होणारा वापर कायद्याने बंद करावा. ती शिफारस आजही विचारणीय आहे, कारण रुग्ण हा मोकळा माणूस नसतो. ज्याच्या हाती आपले औषध आहे, त्याला नाही म्हणण्याचे बळ त्याच्यात नसते.

पण याच इतिहासात मिरजही आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. त्यांचा हेतू निव्वळ वैद्यकीय होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ते मिशनचेच कार्य होते. तरीही तिथे हजारो हिंदू रुग्णांचे प्राण वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मिरज ख्रिस्ती झाले नाही. वैद्यकीय नगरी म्हणून मात्र ते नावारूपाला आले. एका परक्या माणसाला सातासमुद्रापलीकडून येऊन हे का करावे लागले, त्या काळी येथील धनिक, संस्थानिक, मठाधिपती काय करीत होते, हा प्रश्न मिशनऱ्यांना नव्हे, हिंदू समाजाने स्वतःला विचारायचा आहे.

आणि भोंदूपणा एका धर्माची मिरास नाही. कर्करोगावर मंत्र, ताईत, कवच यांची जाहिरात करणे 1954च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदाही गंडेदोरे करणाऱ्या बाबाला आणि चंगाईच्या व्यासपीठाला सारखाच लागू आहे. एकावर बोट ठेवून दुसऱ्याकडे डोळेझाक करणाऱ्याचे कोणी ऐकून घेत नाही.

या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम भाषणांपेक्षा काही शांत ठिकाणी झाले आहे. लातुरात 1966 मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. बाहेरगावच्या रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकाला तिथे राहायला मिळते. ही नावे अभिमानाने घेतली जातात, घ्यावीतही. पण टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून केमोथेरपीच्या पुढच्या तारखेची वाट पाहणारी कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला या कामाची अपुरी व्याप्ती सांगावी लागत नाही. त्या पदपथावर रात्री जो कोणी गरम जेवण घेऊन येतो, त्याच्या गळ्यात माळ आहे की क्रूस, हे भुकेला माणूस पाहत नाही.

पिंगळीसारख्या गावात हे काम आणखी साधे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात कोणती तपासणी होते, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, कोणती कागदपत्रे लागतात, मुंबईत उतरल्यावर पहिल्या रात्री कुठे जायचे, हे सांगणारा एक माणूस गावात हवा. शिधापत्रिकेवरचे नाव चुकले म्हणून योजनेचा लाभ अडला, तर तहसील कचेरीत सोबत जाणारा हवा. उपचार संपवून परतलेल्या रुग्णाचे केस गेलेले असतात, अंगात त्राण नसते, आणि हा रोग सांसर्गिक असावा या खुळ्या भीतीने शेजारी पाणी प्यायला कचरतात. त्याच्या ओट्यावर जाऊन चहा घेणारा हवा. आणि ते घर ख्रिस्ती असेल, भिंतीवर येशूची तसबीर असेल, तर तिथलाही चहा तितक्याच मोकळेपणाने घेणारा हवा.