थेम्सबाबांची लेकरे

घरात कोणी अंथरुणास खिळले असता मोठ्याने हसू नये, अशी आपली रीत आहे. आणि ती योग्यच आहे. मग साथीत माणसे मरत असता राज्यकर्त्यांची व्यंगचित्रे काढणाऱ्यांस काय म्हणावे, असा प्रश्न एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाने केल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्याचा विचार करू लागलो की आम्हांस एकोणिसाव्या शतकातील लंडन शहर आठवते.

१८४८-४९ च्या पटकीने त्या शहरात सुमारे १४,००० माणसे नेली. शहराचा मैला थेम्स नदीत पडे, आणि कित्येक पाणी-कंपन्या त्याच नदीचे पाणी घरोघर पुरवीत. १८५५ च्या जुलैत मायकेल फॅरडे ह्या शास्त्रज्ञाने नदीत पांढऱ्या कागदाचे तुकडे टाकून पाहिले. ते इंचभर बुडण्यापूर्वीच दिसेनासे झाले, असे त्याने ‘टाइम्स’ पत्रास कळविले. त्याच महिन्यात ‘पंच’ ह्या विनोदी साप्ताहिकात चित्र आले: फॅरडेसाहेब नाक दाबून, घाणीने माखलेल्या थेम्सबाबांस आपल्या नावाचे कार्ड देत आहेत!

लोक हसले, पण नदी होती तशीच राहिली. नवी गटारे बांधण्याची बॅझलजेट ह्या इंजिनिअरची योजना तयार होती. परंतु मैला नेऊन कोठे सोडावा, ह्यावर मंडळ आणि मंत्री ह्यांची घासाघीस चालली आणि कागद इकडून तिकडे फिरत राहिले. १८५८ च्या जूनमध्ये कडक उन्हाळा पडला. संसद नदीकाठीच असल्यामुळे चुन्याच्या औषधात भिजविलेले पडदे लावूनही सभासदांस बसवेना. ३ जुलैच्या ‘पंच’मध्ये थेम्सबाबा आपली लेकरे लंडननगरीच्या पुढे आणून उभी करतात: घटसर्प, गंडमाळा आणि पटकी. हा संसदेच्या नव्या इमारतीतील भित्तिचित्राचा नमुना आहे, अशी मल्लिनाथीही खाली होती. पुढच्याच अंकात नदीवर होडी वल्हवीत येणारा सांगाडा पैसे किंवा प्राण मागत होता. १५ जुलैस डिझरायलीने विधेयक मांडले. २ ऑगस्टला, म्हणजे १८ दिवसांत, ते संमत झाले आणि कामास ३० लक्ष पौंड मिळाले.

हा चित्रकारांचा विजय समजावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. संसदेस जागे केले ते तिच्या स्वतःच्या नाकाने. शिवाय रोग दुर्गंधीने होतो, हा त्या काळचा समज चुकीचा होता. पटकी पाण्यातून पसरते, हे डॉ. जॉन स्नो ह्याने १८५४ मध्येच ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखविले होते. पण फारच थोड्यांनी ते मानले, आणि १८५८ च्या त्याच जूनमध्ये तो वारला.

तरीही ती चित्रे व्यर्थ गेली, असे आम्ही म्हणणार नाही. दुर्गंधी थंडीत ओसरली असती व तिच्याबरोबर सभासदांची घाईही ओसरली असती. ही लेकरे कोणाच्या दुर्लक्षाने वाढली, हे मात्र चित्र एकदा पाहिलेल्यास विसरणे कठीण. १८६६ मध्ये, जेथे नव्या गटारांची जोडणी पुरी झाली नव्हती त्या गरिबांच्या पूर्व लंडनात, पटकीने पुन्हा ५,००० हून अधिक बळी घेतले. तेव्हा ‘फन’ ह्या पत्रात पिनवेलने चित्र काढले: सांगाडा पंप मारीत आहे आणि गरिबांची मुले पाणी भरीत आहेत. ह्या वेळी चित्राचे बोट बरोबर पाण्यावर होते.

ह्या चित्रांपैकी एकानेही रोग्याची चेष्टा केलेली नाही, हे त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी ध्यानात घ्यावे. ज्यांच्या हाती पैसा व अधिकार आहे त्यांस हसणे, हे रोग्याच्या उशाशी हसणे नव्हे. मात्र त्या सांगाड्याची मागणी करदात्यांसही होती. खर्चास नाही म्हणणारे सारेच काही संसदेत बसत नव्हते. पानावर बसून नगरपालिकेच्या गटारांची थट्टा करताना, आपल्या मोरीचे पाणी कोणाच्या दारी जाते, हेही एकदा उठून पाहिले तर त्या हसण्यास आमची हरकत नाही.