निनावी अस्थींचे ऋण

दैनिकांच्या आतील पानांवर पोलिसांच्या वतीने एक लहानसे निवेदन अधूनमधून प्रसिद्ध होत असते. अनोळखी पुरुषाचे प्रेत, वय अंदाजे चाळीस, बांधा मध्यम, रंग गव्हाळ, उजव्या दंडावर गोंदण. ओळख पटल्यास अमुक ठाण्याशी संपर्क साधावा. वाचक ती चौकट ओलांडून पुढे जातो आणि, खरे सांगावयाचे तर, वृत्तपत्रे चालविणारे आम्हीही तिच्याकडे उरलेली जागा भरणारा मजकूर म्हणूनच पाहत आलो आहोत. परंतु त्या चार ओळींच्या पलीकडे कोठेतरी एक घर असते. तेथे कोणी रात्री दाराकडे कान लावून बसलेले असते, आणि नेमके हेच वर्तमानपत्र त्या घरी जात असेल असे मुळीच नाही. मृत मनुष्यास त्याचे नाव परत मिळवून देणे हे दयेचे काम नसून राज्याचे कर्तव्य आहे, हे आज आम्हांस स्पष्टपणे मांडावयाचे आहे.

मृत्यूपेक्षा मृत्यूविषयीचा संशय अधिक जाळतो, हे महाराष्ट्रास कोणी नव्याने शिकवावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; पण ते खरोखरच पडले काय, ही शंका मराठी मनातून पुरती गेली नाही. पार्वतीबाईंनी पती गेल्याचे अखेरपर्यंत मानले नाही. त्या संशयाचा लाभ घेऊन एक तोतया उभा राहिला, १७७६ साली त्याने कोकणात बंडाळी माजविली आणि देहान्त शासन देऊन पुणे दरबारास ते प्रकरण मिटवावे लागले. एका माणसाच्या मृत्यूची निःशंक खात्री न पटल्याने एका स्त्रीचे आयुष्य टांगणीस लागले आणि एका राज्यास उपद्रव झाला. त्या काळी अशी खात्री देणारे शास्त्र नव्हते. आज ते आहे.

त्यास न्यायवैद्यक मानवशास्त्र म्हणतात. मांस व त्वचा नाहीशी झाल्यावर, केवळ सांगाडा किंवा त्याचे तुकडे उरले असता, ते कोणाचे हे ठरविण्याची ही विद्या होय. तिची रीत कोणाही सुशिक्षितास समजेल अशी आहे. हाडे माणसाची की जनावराची, हा पहिला प्रश्न. ती एकाची की अनेकांची, हा दुसरा. कटीच्या हाडांच्या ठेवणीवरून स्त्री की पुरुष हे बहुधा कळते. लहान वयाचा अंदाज दातांच्या वाढीवरून बांधता येतो. तारुण्यात हाडांची टोके मधल्या भागाशी क्रमाक्रमाने सांधली जातात आणि गळ्याच्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांत शेवटी, विशीच्या उत्तरार्धात, जुळते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढता येते. भरून आलेला अस्थिभंग जिवंतपणीचा असतो. न भरलेला मृत्यूच्या वेळचा किंवा त्यानंतरचा. इतक्याने मनुष्याचे वर्णन मिळते, नाव मिळत नाही. नावासाठी त्या वर्णनाची गाठ हरवलेल्याच्या माहितीशी घालावी लागते. दंतवैद्याची नोंद, जुने क्ष-किरणचित्र, आणि अलीकडे आप्तांच्या रक्ताशी ताडून पाहिलेला डीएनए, हे या कामी उपयोगी पडतात. म्हणजे हाडे कितीही बोलली, तरी हरवलेल्याची नोंद कोणी जपून ठेवली नसेल तर त्यांची साक्ष अर्धीच राहते.

ही साक्ष कोठवर पोहोचते याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाने घालून दिले आहे. तेथे २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढील सात वर्षांत सहस्रावधी नागरिक घरांतून, रस्त्यांतून नाहीसे केले गेले. १९८४ साली अधिकृत आयोगाने ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद केली. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. लोकशाही परत येताच निनावी थडगी उकरण्याची घाई झाली. यांत्रिक फावड्यांनी माती उपसली गेली, सांगाडे मोडले, एकाची हाडे दुसऱ्यांत मिसळली आणि काठावर उभ्या असलेल्या आप्तांसमोर पुरावाच नष्ट होऊ लागला. १९८४ साली क्लाइड स्नो हे अमेरिकन शास्त्रज्ञ तेथे गेले. त्यांनी पुराणवस्तुशास्त्राचे, मानवशास्त्राचे व वैद्यकाचे तरुण विद्यार्थी हाताशी धरले आणि कुंचल्याने व लहान हत्यारांनी, थरामागून थर, थडगे कसे उघडावयाचे हे शिकविले. १९८५ साली लष्करशहांवरील खटल्यात स्नो साक्षीस उभे राहिले आणि एका तरुण स्त्रीची कवटी जवळून झाडलेल्या गोळीने कशी फुटली हे त्यांनी न्यायालयास चित्रांनिशी दाखविले. त्या वर्षी ९ डिसेंबरला व्हिदेला व मासेरा या दोघा सेनाधिकाऱ्यांस जन्मठेप झाली.

तेथील मातांची कथा तर अधिक बोलकी आहे. आपली मुले कोठे आहेत, असा प्रश्न घेऊन १९७७ च्या एप्रिलमध्ये काही माता राजधानीच्या चौकात जमू लागल्या. त्यांच्या अग्रणी असुसेना व्हिजाफ्लोर यांनाच त्या वर्षी १० डिसेंबरला पळवून नेण्यात आले. त्याच महिन्यात समुद्रकिनाऱ्यावर काही प्रेते वाहून आली आणि 'निनावी' म्हणून पुरली गेली. २००५ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, त्या विद्यार्थ्यांतून उभ्या राहिलेल्या पथकाने असुसेनाबाईंच्या अस्थी ओळखल्या. अस्थिभंग उंचावरून कोसळल्याचे होते. कैद्यांना विमानातून समुद्रात लोटले जात असे, या आरोपास हाडांनीच दुजोरा दिला. त्यांची रक्षा ज्या चौकात त्या उभ्या राहिल्या होत्या तेथेच ठेवण्यात आली.

आपल्या देशातही असा एक धडा मिळाला आहे. अमृतसरजवळील अजनाळा येथे २०१४ साली एका जुन्या विहिरीतून मानवी अस्थींचा ढीग निघाला. १८५७ साली मारलेल्या २८२ शिपायांची प्रेते तेथील विहिरीत टाकल्याचे खुद्द इंग्रज अधिकारी फ्रेडरिक कूपर याने लिहून ठेवले होते. तरी या अस्थी फाळणीच्या दंग्यातील असाव्यात, असेही एक मत होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डीएनए आणि दातांतील रासायनिक खुणा तपासून, हे लोक पंजाबातील नसून गंगेच्या खोऱ्यातील होते, असा निष्कर्ष निघाला. इतिहासाचा वाद मिटण्याच्या मार्गास लागला, ही समाधानाची गोष्ट; पण उत्साही मंडळींनी विहीर अशास्त्रीय रीतीने उकरल्याने पुष्कळ हाडांची मोडतोड झाली, ही तितकीच खेदाची. पलटण ओळखता आली. शिपायांची नावे मात्र परत आली नाहीत. भक्ती कितीही थोर असो, हातात कुदळ घेण्यापूर्वी शास्त्रज्ञास बोलवावे, एवढा विवेक अजूनही आमच्या अंगी बाणावयाचा आहे.

आता प्रश्न आजच्या प्रेतांचा. २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती व अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र सूचींची तरतूद होती. पण त्याच पेढीत गुन्हेगारांच्या व संशयितांच्याही सूची राहणार होत्या, नागरिकांच्या खाजगीपणाविषयी रास्त आक्षेप निघाले आणि २०२३ साली विधेयक मागे घेतले गेले. ते आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पोलिसांच्या हाती साऱ्या प्रजेचे रक्त सोपविणे कोणास रुचेल? मात्र मुलाचा शोध करणारी आई आणि दरोडेखोर यांना एकाच कपाटात बसविण्याचा अट्टहास कशासाठी? अर्जेंटिनाने १९८७ सालीच कायद्याने राष्ट्रीय जनुकपेढी स्थापिली. बेपत्तांच्या मुलांचा शोध लागावा म्हणून आप्तांनी स्वखुषीने तेथे रक्त दिले. केवळ हरवलेल्यांसाठी व निनावी मृतांसाठी, इतर उपयोगास सक्त मनाई करणारा, लहान व स्वच्छ कायदा आपणांसही करता येईल.

कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बेवारस प्रेताची विल्हेवाट लावण्यापूर्वी दातांची नोंद, क्ष-किरणचित्र व डीएनएसाठी नमुना जपावा. दफन केल्यास जागेवर टिकाऊ क्रमांक असावा. एका ठाण्याची बेपत्तांची वही आणि दुसऱ्या ठाण्याची प्रेतांची वही एकमेकींस भेटाव्यात. खर्चाची सबब कोणी सांगेल. परंतु या शहरांत निनावी मरतो तो बहुधा पोटासाठी दूरवरून आलेला, पदपथावर निजणारा, रुळांवर सापडणारा गरीब माणूस असतो. तो श्रीमंत असता तर त्याचे प्रेत चार दिवसही बिननावाचे राहिले नसते.

युद्ध संपल्यावर ज्यांना कोणी नव्हते त्यांचेही अंत्यसंस्कार करविण्याची आज्ञा युधिष्ठिराने दिल्याचे महाभारत सांगते. राज्याभिषेकापूर्वीचे ते त्याचे राजकर्तव्य होते. आमच्या राज्यकर्त्यांकडून आम्ही त्याहून एक पाऊल पुढची अपेक्षा करतो: अग्नी देण्यापूर्वी नाव शोधावे आणि ते सापडले नाही तर शोधण्याची वाट तरी जाळून टाकू नये.