छापू नका

यंदाच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या टपालात एका पाकिटातून दुधाच्या हिशेबाच्या वहीतली फाडलेली अकरा पानं निघाली. सोबत चिठ्ठी: "छापू नका. कुणीतरी वाचावं, एवढंच." सासूबाईंना डिमेन्शिया होऊन सहा वर्षं झालेली. लिहिणारी सून, पन्नाशीतली. त्या झोपल्या की ही ओट्याशी उभ्यानेच लिहिते. सासूबाई स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोड" म्हणतात. हिनेच पाटल्या चोरल्या, असं शेजारणीला सांगतात. मागच्या दिवाळीत त्यांना सुनेचं नाव आठवेना, पण करंजीला मुरड घालताना बोटं कुठे अडली नाहीत. त्याच रात्रीची नोंद आहे: "आज मी त्यांच्यावर ओरडले. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या." पुढच्या पानावर एक वाक्य आहे, ते मी इथे देत नाही.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तितक्याच उशांजवळ कुणीतरी जागं.

असं लिहून काय होतं, यावर जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग मांडला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सर्वांत छळणाऱ्या अनुभवावर लिहायला लावलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिणारी मुलं लिहून झाल्यावर उलट खिन्न झाली. मात्र पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतर मुलांपेक्षा कमी झाल्या. अशा लेखनात शुद्धलेखनाकडे बघायचं नसतं. आम्हा संपादकांना हे पथ्य जड जाईल.

पण ती मुलं होती, रात्री तीनदा उठून चादर बदलणारी माणसं नव्हेत. नंतरच्या अभ्यासांतही सगळ्यांना सारखा गुण आलेला नाही. वही झोप देत नाही. आठवड्यातून एक दुपार नणंद येऊन बसणार असेल, तर आधी तिला बोलवावं. "लिही, बरं वाटेल" असं सांगून बाकीच्यांनी अंग काढून घेणं, ही तर चलाखीच.

तरी वहीचं एक काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. आपल्याकडे सेवा करणाऱ्याने थकलेलं चालतं, चिडलेलं नाही. "किती करतेस गं!" म्हणणाऱ्यासमोर राग कुठे ठेवायचा?

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला छापील अक्षर येतं. अशा अंकाच्या पहिल्याच पानावर न छापण्याच्या लेखनाची भलामण विचित्र दिसेल. पण वाचक डोळ्यांपुढे आला की माणूस वाक्य घासतो, राग सौम्य करतो, सासूबाईंना गोड करून टाकतो. त्या अकरा पानांत असं कुठेच झालेलं नाही.

म्हणून ती अनुक्रमणिकेत नाहीत. परतही पाठवू नका, असं तिने लिहिलंय, घरात कुणाच्या हाती लागतील. माझ्या टेबलाच्या खणात आहेत. मागच्या बाजूच्या हिशेबात सतरा तारखेचं दूध दोनदा धरलंय.