हॉलमधले दिवे आणि चित्रफीत

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या तरुणांची खरी जाहिरात म्हणजे त्यांनी यूट्यूबवर टाकलेली चित्रफीत. पुढचे गिऱ्हाईक ती पाहूनच येते. पण कितीतरी चित्रफितींत नवरानवरीच्या अंगावरून काळे पट्टे सरकताना आम्ही पाहतो. पोरे कॅमेऱ्याला दोष देतात. दोष त्याचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मोबाईल बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो. तो २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, पट्टे बहुतेक जातात. यात खर्च एक पैशाचा नाही!

आवाजासाठी मात्र थोडा खर्च करावाच. लांबून मोबाईल फक्त गलका पकडतो. बोलणाऱ्याला कॉलर माईक लावा, नाहीतर साऊंडवाल्या दादांना विचारून मिक्सरमधून वायर घ्या. मामांचे भाषणच ऐकू आले नाही, तर घरची मंडळी उरलेले पैसे देताना कुरकुरणारच, आणि आम्ही त्यांच्याच बाजूचे.

चित्रफीत यूट्यूबवर टाकण्यापूर्वी घरच्यांना, विशेषतः नवरीला, जरूर विचारावे. डीजेचे सिनेगीतही काढावे. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि गाण्याचा हक्कदार चित्रफीत अडवू शकतो.