वृत्तपत्रीय लेख आणि वर्गातील लेखन

विद्यार्थ्यांच्या निबंधांत स्वतःचे असे काही आढळत नाही, मार्गदर्शकांतील वाक्येच उत्तरपत्रिकेत उतरतात, ही पदवी वर्गांना मराठी शिकविणाऱ्या अध्यापकांची नित्याची तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतील लेख वर्गात वाचावेत, असे सुचविले जाते. सूचना स्वागतार्ह आहे. परंतु लेखाकडे केवळ अनुकरणाचा नमुना म्हणून पाहिल्यास मार्गदर्शकाची जागा कात्रण घेईल, एवढेच.

वृत्तपत्रीय लेखाचे सामर्थ्य त्याच्या शैलीपेक्षा त्याच्या वाचकात शोधले पाहिजे. मर्यादित जागेत, ठरलेल्या मुदतीत आणि मतभेद नोंदवू शकणाऱ्या वाचकासाठी तो लिहिला जातो. ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख यांची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे, म्हणजे आजच्या संशोधक विद्यार्थ्याइतके होते. त्या गद्यातील निकड बऱ्याच अंशी समोर वाचक असल्याच्या जाणिवेतून आलेली आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या निबंधाला मात्र परीक्षक हा एकमेव वाचक असतो, आणि तोही गुणांपुरता.

म्हणून वर्गात लेख आणावा तो प्रश्न विचारण्यासाठी. लेखकाने स्वतः काय पाहिले, काय ऐकले, काय गृहीत धरले? कोणाचे म्हणणे घेतले, कोणाचे वगळले? पाणीटंचाईवरील लेखात टँकरची संख्या असते. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीच्या बुडालेल्या शाळेचा उल्लेख असतोच असे नाही. ही उणीव ज्याच्या ध्यानात येते, त्या विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काही असते. त्याने आपल्या परिसरात चौकशी करून ३०० शब्द लिहावेत, माणसांचे बोलणे त्यांच्या बोलीतच ठेवावे, ते वर्गासमोर वाचावे आणि सहाध्यायांचे आक्षेप ऐकून पुन्हा लिहावे. गुण द्यावेत ते या दुसऱ्या खर्ड्याला.

मोठ्या वर्गांत हे अवघड आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि सत्रात पाच निबंध वरवर चाळण्यापेक्षा एकच लेखन दोनदा काळजीपूर्वक तपासणे अधिक फलदायी ठरेल. अभ्यासमंडळांनी अंतर्गत मूल्यमापनात यासाठी जागा करून द्यावी. अन्यथा पुरवण्या वर्गात येतील, वाचल्याही जातील, आणि उत्तरपत्रिका पूर्वीसारख्याच राहतील.