‘पितो’ आणि ‘घेतो’

मागच्या महिन्यात बेंगळुरूला मुलाकडं होतो. तिथल्या एका हॉटेलात फ्रेंच रेड वाइनचं टेस्टिंग होतं. म्हणजे जाणकार माणूस समोर उभा राहून एकेक वाइन चाखायला शिकवतो. मुलगा म्हणाला, "अप्पा, एकदा बघा तरी." गेलो. आपल्या बिदर-भालकीकडची, आता तिकडं स्थायिक झालेली तीन-चार कुटुंबं भेटली. त्यांना राग येईल, पण वाटलं ते लिहितो.

आधी चांगलं सांगतो. शिकवणारी मुलगी हुशार होती. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघायचा, गोल फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. न गिळता थुंकायलाही भांडं ठेवलेलं. बोर्दोच्या लाल वाइनमध्ये मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो ही द्राक्षं, बर्गंडीत पिनो न्वार. जीभ कोरडी पडते ती टॅनिनमुळं, तुरट जांभूळ खाल्ल्यावर पडते तशीच. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लावली, ती आजही जवळजवळ तशीच चालते. १९७३ साली मुतों रोत्शिल्डला पहिल्या वर्गात बढती मिळाली, हाच काय तो मोठा बदल. बँकेत जन्म घालवलेल्या मला हसू आलं. एकशे अठरा वर्षांनी एक प्रमोशन!

चौथा ग्लास आला तेव्हा आपल्यातलेच एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या गावाकडची लोकं पिऊन वाया गेली बघा. शिंदी काय, साराई काय." हे बोलताना ग्लास हातात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि तिथंच मला एक जुना अर्ज आठवला.

ऐंशीच्या दशकात मी औराद तालुक्यात फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून म्हशीसाठी कर्ज मागायला एक शेतमजूर आला. "साहेब, एक म्हस मिळाली तर लेकरं शिकतील बघा." गावात चौकशी केली तर कळलं, संध्याकाळी शिंदी पितो. मी शेऱ्यात लिहिलं, "अर्जदार व्यसनी, शिफारस नाही." अर्ज तिथंच संपला. त्याच आठवड्यात रेस्ट हाउसवर वरच्या साहेबांची पार्टी झाली. व्हिस्कीत सोडा ओतणारा मीच होतो. त्या रात्रीचा शेरा कुणाच्याही फाइलीत नाही.

आता हिशोब बघा. ताज्या शिंदीत अल्कोहोल साधारण चार-पाच टक्के. त्या दिवशीच्या रेड वाइनच्या बाटल्यांवर तेरा-साडेतेरा टक्के छापलेलं होतं. मग व्यसनी कोण आणि रसिक कोण, हे काय बघून ठरतं? १ जुलै २००७ पासून कर्नाटकात साराई बंद झाली. त्याच २००७ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया आणि वाइन धोरण आलं. साराई बंद झाल्याचं मला दुःख नाही. नवऱ्याच्या पिण्यानं उघड्यावर आलेल्या बायका मी काउंटरवर पाहिल्यात, डोरलं गहाण ठेवायला आलेल्या. पण एकाच वर्षी एकाच्या पेल्यावर बंदी आणि दुसऱ्याच्या ग्लासला प्रोत्साहन, हे आपल्यापैकी किती जणांना खटकलं?

कुणी म्हणेल, "अप्पा, वाइन चाखणं ही कला आहे." असेल. पण बोर्दोचाच एक प्रयोग आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेलं नाकसुद्धा डोळ्याचं ऐकतं. मग आपलं काय! आपण तर ग्लासाचा आकार आणि धरणाऱ्याचे कपडे बघूनच निकाल देतो. दुसरं कुणी म्हणेल, "रेड वाइन हार्टला चांगली." जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. त्यात फ्रेंच बाटलीला सवलत नाही.

सोयरिकीच्या बैठकीत आपण काय बोलतो ते आठवा. पुण्या-बेंगळुरूचा मुलगा "कधीतरी सोशली घेतो", आणि गावातला मुलगा "पितो". घेतो म्हटलं की सोयरीक जुळते, पितो म्हटलं की मोडते. एका क्रियापदावर आपण माणसाची पत ठरवतो. मी तर पगार घेऊन ठरवली.

वाइन पिऊ नका असं मी म्हणत नाही. ज्याला झेपतं, परवडतं, त्यानं चाखावी. मीही त्या दिवशी दोन घोट गिळले, थुंकले नाहीत. पण माप एकच ठेवा. वाईट म्हणायचं तर दोन्हीला म्हणा. माफ करायचं तर दोघांनाही करा.

त्या शेतमजुराच्या मुलांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. ज्यांना ही पोस्ट झोंबली त्यांनी खाली जरूर लिहावं. पण आधी आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याबद्दल आपण काय बोलतो, तेवढं एकदा आठवा.